किल्ली, बाटली, कप

आमच्या हौशी नाटकांच्या ग्रुपमध्ये मी प्रॉपर्टी सांभाळते. कुठल्या प्रवेशात कुणाच्या हातात काय हवं, ते कुठल्या विंगेत ठेवायचं, आत कोण नेणार, बाहेर कोण आणणार, हे सगळं माझ्या वहीत असतं. त्यामुळे सिनेमा बघतानाही माझी नजर आधी हातांवर जाते, चेहऱ्यांवर नंतर. आल्फ्रेड हिचकॉकचा 'नटोरियस' मला इतका का आवडतो याचं कारण बहुधा यातच आहे. १९४६ सालचा हा ब्लॅक अँड व्हाइट सस्पेन्स थ्रिलर. त्यातली माणसं मनातलं काही म्हणजे काही बोलत नाहीत आणि जे बोलायचं राहतं ते सगळं वस्तूंच्या अंगावर पडतं. एक किल्ली, काही बाटल्या, एक कॉफीचा कप, एक स्कार्फ. माझ्या वहीत अर्ध्या पानात मावेल एवढी यादी, पण तेवढ्यावर हा माणूस तुमचा श्वास रोखून धरतो.

पुढे सगळी गोष्ट येणार आहे, शेवटासकट. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी तो बघून या, मी थांबते. पण खरं सांगायचं तर गोष्ट कळल्यामुळे इथे फार काही बिघडत नाही. खुनी कोण, असा प्रश्नच यात नाही. वाईट माणसं कोण हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. मायामीच्या कोर्टात ह्युबरमन नावाच्या जर्मन माणसाला देशद्रोहाबद्दल शिक्षा होते. त्याची मुलगी अ‍ॅलिशिया (इन्ग्रिड बर्गमन) बापाच्या राजकारणाच्या विरोधात आहे, पण शरम आणि संताप दारूत बुडवत बसली आहे. अमेरिकन सरकारचा हेर डेव्हलिन (केरी ग्रँट) तिला गाठतो आणि कामगिरी देतो. रिओ द जानेरोमध्ये बापाच्या ओळखीचे नाझी लोक जमलेत, त्यांच्यात शिरायचं. रिओत पोचल्यावर काम नेमकं काय हे ठरायच्या आधीच दोघं प्रेमात पडतात. मग हुकूम येतो: त्या टोळक्यातला अ‍ॅलेक्स सेबॅस्टियन (क्लॉड रेन्स) पूर्वी अ‍ॅलिशियावर जीव टाकायचा, तर तिने त्याला पुन्हा नादी लावायचं.

इथे पहिली वस्तू येते. अ‍ॅलिशिया घरी कोंबडी शिजवतेय, डेव्हलिन जेवणासाठी शॅम्पेनची बाटली घेऊन यायचाय. वाटेत तो वरिष्ठांच्या ऑफिसात जातो, तिथे ही कामगिरी ऐकतो आणि बाटली टेबलावर विसरून निघून येतो. बस. तो काही बोललेला नाही, चेहरा दगडासारखा. पण हिचकॉक एकट्या राहिलेल्या बाटलीवर कॅमेरा नेतो आणि आपल्याला कळतं की या माणसाच्या आत काहीतरी मोडलं. घरी परतल्यावर अ‍ॅलिशिया त्याला विचारते, मी असल्या कामाची बाई नाही असं तू त्यांना सांगितलंस ना? तो म्हणतो, ते तू ठरवायचंस असं मला वाटलं. मग इकडेतिकडे बघत बाटली शोधायला लागतो. कुठेतरी राहिली वाटतं, म्हणतो.

माझ्या मते सगळा सस्पेन्स इथून सुरू होतो. तिला हवंय की त्याने म्हणावं, जाऊ नकोस. त्याला हवंय की तिने आपण होऊन म्हणावं, मी जाणार नाही. दोघंही वाट बघत बसतात, आणि त्या न बोललेल्या एका वाक्यापायी एक बाई मरणाच्या दारात जाऊन पोचते. पुढे सेबॅस्टियन लग्नाची मागणी घालतो तेव्हा ती ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर विचारते, काय करू? म्हणजे खरं तर एकट्या डेव्हलिनला विचारते. तो पाठमोरा. मग अगदी कोरड्या आवाजात सांगतो की कल्पना उपयोगी आहे, आणि निघून जातो. केरी ग्रँट हा हसरा, देखणा, विनोदी भूमिकांतला लाडका नट. त्याला इतका कडू, इतका आखडलेला माणूस करायला लावणं हे मोठं धाडस होतं. मला डेव्हलिनचा राग येतो. दर वेळी येतो. आणि तसा तो यावा अशीच सिनेमाची बांधणी आहे.

लग्न होतं. आता किल्ल्या.

हा भाग मराठी प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायला नको. नवी सून घरात येते, कपाटं उघडायला जाते, तर कुलपं. नोकराला विचारते, त्याच्याकडे किल्ल्या नाहीत. ती नवऱ्याकडे मागते, तो आईच्या खोलीत जातो, आणि बंद दारामागून दोघांची वादावादी ऐकू येते. मग तो बाहेर येऊन जुडगा हातात देतो. घरावर राज्य सासूचं आहे हे एवढ्यात कळलं. सासूबाईंची पहिली एन्ट्रीच बघा: जिन्यावरून लांबून उतरतात आणि थेट कॅमेऱ्याकडे चालत येतात, अगदी चेहरा पडदाभर होईपर्यंत. आवाज मऊ, बोलणं अदबीचं, आणि पहिलाच प्रश्न हा की वडिलांच्या खटल्यात तू त्यांच्या बाजूने साक्ष का दिली नाहीस. ही भूमिका केलेली लिओपोल्डिन कोन्स्टान्टिन पडद्यावरच्या मुलापेक्षा, म्हणजे क्लॉड रेन्सपेक्षा, फक्त तीन वर्षांनी मोठी होती. बघताना हे मनात सुद्धा येत नाही.

जुडग्यात एका खोलीची किल्ली नसते. तळघरातल्या दारूच्या कोठाराची. ती नवऱ्याच्या स्वतःच्या कडीत, तिच्यावर 'युनिका' अशी अक्षरं. आधीच्या एका जेवणाच्या प्रसंगी पाहुण्यांपैकी एकजण कपाटावरची दारूची बाटली बघून दचकला होता, नको ते बोलून गेला होता, आणि तेवढ्या चुकीपायी बाकीच्यांनी त्याचा काटा काढला. खून पडद्यावर नाहीच. एकजण प्रेमाने म्हणतो, चल, तुला गाडीतून सोडतो. एवढंच. तेव्हा बाटल्यांमध्ये काहीतरी आहे हे नक्की, आणि त्या बाटल्या त्या दारामागे.

किल्ली चोरण्याचा प्रसंग मी आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक नव्या मुलाला दाखवते. घरी मोठी पार्टी आहे, दोघं तयार होतायत. सेबॅस्टियन न्हाणीघरात, दारावर त्याची सावली हलतेय, आतून तो बोलतोय, तेही डेव्हलिनबद्दलच्या मत्सराचं. टेबलावर त्याची किल्ल्यांची कडी. अ‍ॅलिशिया त्यातली एक किल्ली काढते आणि मुठीत धरते. तो बाहेर येतो, संशय घेतल्याबद्दल माफी मागतो आणि प्रेमाने तिचे दोन्ही हात हातात घेतो. एक मूठ उघडतो, तळव्याचं चुंबन घेतो. रिकामा हात. आता दुसरी मूठ. तो ती उघडणार इतक्यात ती त्याच्या गळ्यात पडते, त्याच्या पाठीमागे किल्ली गालिच्यावर सोडते आणि मिठीतूनच पायाने टेबलाखाली सरकवते. संवादाने यातलं काहीही साधलं नसतं. आणि क्रूरपणा कुठे आहे बघा: त्याची माया खरी आहे. तो तिला पकडायला आलेला नाही, ओंजळीत तोंड लपवायला आलाय. नवऱ्याच्या खऱ्या प्रेमामुळे बायको पकडली जायची वेळ येते. असला पेच नुसत्या चोरीच्या प्रसंगात कुठून येणार?

आणि लगेच तो शॉट, जो सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. पार्टी सुरू आहे. कॅमेरा वर, झुंबराच्या उंचीवर, खाली सगळं दालन, माणसंच माणसं. मग कट न घेता कॅमेरा खाली येऊ लागतो. तिरका, संथ, गर्दीवरून, पाहुण्यांचं स्वागत करत नवऱ्याशेजारी उभ्या असलेल्या अ‍ॅलिशियाकडे, तिच्या पाठीशी दडवलेल्या हाताकडे, बोटांकडे, आणि त्या बोटांत चाळवल्या जाणाऱ्या किल्लीवर येऊन थांबतो. छायालेखक टेड टेट्झलाफ. एवढ्या उंचीवरून इतक्या जवळ येताना फोकस सतत बदलत नेणं म्हणजे काय काम आहे, ते कॅमेऱ्याजवळ उभं राहिलेल्यालाच कळेल. पण मी भारावते ती त्या कौशल्याने नाही. एवढं मोठं घर, एवढी झगमग, एवढे दागिने, आणि यातली खरी वस्तू कुठली, तर ती एवढीशी. रंगमंचावर आम्हाला हे कधीच जमत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला मुठीतली किल्ली दिसत नाही, म्हणून नटाला ती उगाच उंच धरून दाखवावी लागते.

मग बाटल्यांचं घड्याळ. डेव्हलिन पार्टीला आलाय, किल्ली त्याच्या हातात गेलीय, दोघांना तळघरात जायचंय. तेवढ्यात नवा धोका उभा राहतो: वर बर्फात लावलेली शॅम्पेन संपली तर सेबॅस्टियन आणखी आणायला खाली जाणार, आणि किल्ली कडीत नाही हे उघडं पडणार. मग हिचकॉक मधून मधून बर्फाचं भांडं दाखवत राहतो. बाटल्या भरपूर. थोड्या कमी. आणखी कमी. पाहुणे हसतायत, पितायत, आणि आपण त्यांच्या प्रत्येक पेल्यावर चिडतोय. हिचकॉक स्वतः याच पार्टीत दिसतो, एक ग्लास शॅम्पेन रिचवतो आणि निघून जातो. म्हणजे बाटल्या कमी करण्यात त्याचाही हात. बॉम्बची टिकटिक नाही, धावाधाव नाही. पार्टीतला नेहमीचा आनंदच वेळ मोजायला बसवलाय.

तळघरात डेव्हलिनच्या धक्क्याने एक बाटली पडून फुटते आणि आतून दारूऐवजी काळसर रेती सांडते. युरेनियमचं खनिज. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडून जेमतेम वर्ष झालं होतं अशा काळात हे प्रेक्षकांनी बघितलं, तेव्हा त्याची केवढी भीती वाटली असेल! आज मात्र ते युरेनियम असो की हिरे, मला काही फरक पडत नाही, आणि हिचकॉकलाही फारसा पडत नव्हता. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते फुटलेल्या बाटलीच्या जागी दुसरी बाटली भरून ठेवताना लेबलावरचं साल वेगळं राहतं ते. दुसऱ्या दिवशी सेबॅस्टियन तिथे येतो आणि त्याच सालाने त्याला सगळं सांगितलं जातं. प्रत्येक वस्तू आधी होती तशीच पुढेही दिसायला हवी, याला आम्ही बॅकस्टेजवाले कंटिन्युइटी म्हणतो. इथे ती चुकली म्हणून एका बाईचा जीव टांगणीला लागतो.

पार्टीतच सेबॅस्टियनने त्या दोघांना तळघराबाहेर चुंबन घेताना पाहिलेलं असतं. ते चुंबन सोंग होतं, त्याला बघूनच घेतलेलं, आणि तरी सोंग नव्हतं. नंतर कडीत किल्ली नाही हे दिसतं, आणि सकाळी ती परत आलेली दिसते. मग हा माणूस पहाटे आईच्या खोलीत जाऊन बसतो. खुर्चीत आक्रसलेला, म्हातारा झालेला. सांगतो की मी एका अमेरिकन हेराशी लग्न केलंय. आई पलंगावर उठून बसते, सिगारेट काढते, ओठात धरते, पेटवते. पूर्ण सिनेमात ही बाई कशिद्यासारखी नीटस, आणि आता तोंडात सिगारेट धरून मुलाकडे बघतेय. मुलाला सांगते की तुझा मूर्खपणा इतका प्रचंड आहे की कुणाला त्याचा संशयच येणार नाही, काही दिवस तरी त्याच्याच आडोशाला आपण सुरक्षित आहोत. सूत्रं पुन्हा तिच्या हातात. तिच्या एकटीच्या या दोन मिनिटांसाठी मी सिनेमा मागे नेऊन पुन्हा लावते.

विष घालायचं ठरतं, कॉफीतून, हळूहळू, म्हणजे आजारपण वाटेल. सिनेमाच्या सुरुवातीला जी बाई दारू पिऊन गाडी हाणत होती, जिला दुसऱ्या सकाळी डेव्हलिनने बळेच ग्लास पुढे करून उतारा प्यायला लावला होता, तिचा घात आता कॉफीच्या कपातून होतो. यापुढे कप कुठे ठेवलाय, कुणी ठेवला, तिने उचलला की नाही, यावर डोळे खिळतात. एका शॉटमध्ये कप अगदी पुढे, पडद्यावर मोठा, आणि ती मागे, लहान.

तिला कळतं ते कसं, हेही वस्तूनेच. घरी आलेले डॉक्टर अँडरसन बोलता बोलता चुकून तिचा कप उचलतात. सासू आणि नवरा एकाच वेळी त्यांना थांबवतात. जरा जास्तच घाईने. अ‍ॅलिशिया कपाकडे बघते, सासूकडे बघते, नवऱ्याकडे बघते. बर्गमनच्या चेहऱ्यावर त्या तीन नजरांत सगळा हिशेब लागतो. ती उठून निघते तर समोर दारावर त्या दोघांच्या काळ्या सावल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी. कोसळते. तिला वर खोलीत नेतात, आणि सेबॅस्टियन नोकराला सांगतो की बाईसाहेबांना पूर्ण विश्रांती हवी, खोलीतला फोन काढून टाक.

स्कार्फचं राहिलंच. मायामीतल्या त्या पहिल्या रात्री बाहेर गार वारा असेल म्हणून डेव्हलिनने तिच्या उघड्या पोटावरून एक स्कार्फ बांधला होता. विष भिनायला लागल्यावर बागेतल्या बाकावर दोघं भेटतात. ती आजारी दिसते, त्याला वाटतं पुन्हा प्यायला लागली. तीही तसंच वाटू देते. आणि तो स्कार्फ परत करते. घटस्फोटाचे कागद टेबलावर ठेवावेत तसा. तो घेतो. त्याच्या हातात पुरावा आहे की ही बाई इतके दिवस हे जपून होती, आणि तरी त्याला उमगत नाही.

पुढे पाच दिवस ती येत नाही, तेव्हा मात्र त्याच्या डोक्यात उजेड पडतो. तो थेट घरात शिरतो, वर तिच्या खोलीत. आणि तिथे, अंथरुणात अर्धमेल्या बाईला छातीशी धरून, तो अखेर ते वाक्य बोलतो. माझं प्रेम आहे, मला समोरचं दिसत नव्हतं, मी दुखावलेला मूर्ख होतो. कुजबुजत, अगदी जवळून. सिनेमाच्या पहिल्या भागात रिओच्या गॅलरीतलं ते लांबलचक चुंबन आहे ना, त्या वेळच्या सेन्सॉरच्या नियमांत एक चुंबन काही सेकंदांच्या पलीकडे चालायचं नाही, म्हणून हिचकॉकने दोघांना बोलायला, फोन करायला, कोंबडीबद्दल चर्चा करायला लावून ते तुकड्या-तुकड्यांत अडीचेक मिनिटं चालवलं. ते प्रसिद्ध आहे, त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला हा बिछान्यावरचा प्रसंग त्याहून कितीतरी जास्त भिडतो.

मग जिना. वर जाताना डेव्हलिन क्षणात पोचला होता, आता उतरताना तो जिना संपता संपत नाही. डेव्हलिन तिला सावरत उतरतोय, शेजारी सेबॅस्टियन, मागे त्याची आई, आणि खाली टोळीतली माणसं वर बघत उभी. सेबॅस्टियन ओरडू शकत नाही, कारण ओरडला तर बायको हेर असल्याचं त्याच्याच साथीदारांना कळणार आणि त्या दचकणाऱ्या पाहुण्याची गत त्याची होणार. कुणाच्या हातात काही नाही. पिस्तूल नाही, किल्ली नाही, कप नाही. या सिनेमात एकही गोळी सुटत नाही, आणि शेवटच्या प्रसंगात तर प्रॉपर्टीच्या यादीत लिहायला एक ओळही नाही! बारीक आवाजात बोलणारे तीन-चार लोक आणि पायऱ्या. इतका वेळ वस्तूंनी केलेलं काम आता माणसांना स्वतः करावं लागतंय.

क्लॉड रेन्सबद्दल वेगळं लिहायलाच हवं. तो बर्गमनपेक्षा चांगलाच बुटका होता, आणि काही शॉट्समध्ये त्याला उंच करण्यासाठी फळ्यांचा चढ बांधावा लागला. पण त्या बुटकेपणाचा, आईपुढे वाकणाऱ्या त्या देहाचा उपयोग त्याने असा केलाय की मला नाझी खलनायकाची कीव यायला लागते. अ‍ॅलिशियावर उघडपणे, न लाजता प्रेम करणारा सिनेमातला पहिला पुरुष तोच आहे. डेव्हलिन जे म्हणू शकत नाही ते हा रोज म्हणतो. आणि तोच तिला विष देतो. सहायक अभिनेता म्हणून त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, पटकथेसाठी बेन हेक्टला मिळालं. बर्गमनला का नाही, हे मला कधीच पटलं नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. रिओचे रस्ते आणि घोडेस्वारी वगैरे मागे पडद्यावर चित्रफीत चालवून घेतलेली आहे आणि ते आज ढळढळीत दिसतं. अ‍ॅलिशियाच्या पूर्वायुष्याबद्दल सरकारी अधिकारी ज्या तऱ्हेने बोलतात ते ऐकवत नाही. तिथे डेव्हलिन तिची बाजू घेतो खरा, पण ती खोलीत नसताना. तिच्या कानावर ते पडायला हवं होतं.

पुन्हा बघाल तेव्हा नोकर जोसेफवर लक्ष ठेवा. किल्ल्यांचा प्रश्न त्याला विचारला जातो, शॅम्पेन कमी पडेल ही बातमी मालकाला तो देतो, फोन काढायचा हुकूम त्याला मिळतो, शेवटी डेव्हलिनला दार उघडून बाईसाहेब आजारी असल्याचं सांगणारा तोच. प्रत्येक वस्तू त्याच्या हातून किंवा त्याच्या नजरेसमोरून जाते आणि तो एकदाही आपल्याकडे लक्ष ओढून घेत नाही. हे काम केलंय अलेक्सिस मिनोटिसने, जो ग्रीक रंगभूमीवरचा मोठा नट आणि दिग्दर्शक होता. ट्रे कसा धरायचा ते त्याच्याकडून शिकावं.